दिलेलं नाही

भाचा आयईएलटीएस करतोय, असं मी आमच्या आळीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "ट्रेड कुठला मिळाला? फिटर का वायरमन?"

साताऱ्यात 'आय'पासून सुरू होणारी अक्षरं लागोपाठ कानावर पडली की माणूस थेट आयटीआयच्या फाटकाशी जाऊन थांबतो. मी म्हटलं, "आयटीआय नव्हे हो. इंग्रजीची परीक्षा आहे. परदेशात शिकायला जायचं तर द्यावी लागते."

"पण तो तर इंजिनियर झालाय ना?"

"झालाय."

"इंग्लिशमधनं?"

"इंग्लिशमधनंच."

"मग परत इंग्रजी कशाला?"

याला काय उत्तर देणार? चार वर्षं इंग्रजीतून इंजिनियरिंग केलेल्या पोराला इंग्रजी येतं, हे परदेशातली विद्यापीठं मानायला तयार नाहीत. खरं सांगायचं तर त्याची आईही तयार नाही.

ही आई म्हणजे आमची ताई. राहते सांगलीला, विश्रामबागेत. पोराला आयर्लंडला एम.एस्सी. करायची आहे, त्याला साडेसहा बँड पाहिजेत आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली चालत नाही, एवढं तिनं फोनवर एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "तुझं इंग्रजी चांगलंय. त्याला साताऱ्याला पाठवते. जरा बोलून घे त्याच्याकडनं."

माझं इंग्रजी चांगलं असल्याची ही अफवा जुनी आहे. उभी नोकरी मी एका बँकेच्या पत्रव्यवहार खात्यात काढली. माझ्या इंग्रजीत 'विथ रेफरन्स टु द अबव्ह'च्या वर काही नाही आणि 'युवर्स फेथफुली'च्या खाली काही नाही. मधला मजकूर साहेब सांगायचे. पण आमच्या नात्यात कुणाचंही कर्जमाफीचं, विम्याचं, पासपोर्टाचं पत्र आलं की ते माझ्याकडं वाचायला येतं. मी चष्मा पुसतो, दोनदा 'हं' म्हणतो आणि सांगतो, "यांनी कागदपत्रं मागितलीत." आजवर ते एकदाही चुकलेलं नाही.

भाचा आला तो पाठीवर सॅक आणि सॅकेत सराव-पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. त्याच रात्री मी जाहीर केलं, उद्यापासून या घरात फक्त इंग्रजी. सगळे क्लासवाले हीच युक्ती सांगतात. वातावरण तयार करा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात इतकी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, सगळं बरं आहे ना. सकाळी बायको म्हणाली, "टी?" मी म्हटलं, "येस." ती म्हणाली, "शुगर?" मी म्हटलं, "लेस." त्यानंतर दुपारपर्यंत संभाषण नाही. जेवताना आमटीत मीठ नव्हतं. तिघांनाही कळलं. पण हे इंग्रजीत सांगितलं तर ती तक्रार होईल की विनंती, याचा कुणालाच अंदाज येईना, म्हणून तिघंही अळणी आमटी पिऊन उठलो. बायको म्हणाली, "परीक्षा झाली तरी हे असंच चालू ठेवू." संध्याकाळी भाजीवाली आली आणि मेथीच्या जुडीवरून नियम मोडला. जुडीचा भाव इंग्रजीत पाडता येत नाही.

परीक्षेचे भाग चार. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. त्यातलं ऐकणं सगळ्यांत सोपं असा आमचा समज होता. साधारण तीस मिनिटं, चाळीस प्रश्न. अडचण एकच. ध्वनिफीत एकदाच वाजवतात.

"एकदाच?" बायको म्हणाली. "परत लावत नाहीत?"

आमच्या घरात एकदा सांगितलेलं कुणी कधी ऐकलेलं नाही. 'पाणी भरून ठेवा' हे वाक्य रोज सकाळी चार वेळा उच्चारलं जातं. पहिल्या तीन वेळा ते निव्वळ वातावरणनिर्मितीसाठी असतं. एकदाच ऐकून कामाला लागणारा माणूस आमच्याकडं संशयास्पद ठरतो; त्याला आधीच माहीत होतं, असं धरतात.

तर ऐकण्याचा सराव करायला मी भाच्याला एसटी स्टँडवर नेलं. बाकावर बसवलं, वही-पेन्सिल दिली. म्हटलं, घोषणा होईल, गाडी कुठली आणि फलाट कुठला ते टिपून घे. भाषा मराठी असली तरी हरकत नाही, कानाला शिस्त लागते. घोषणा झाली. चांगली खणखणीत, सावकाश. भाच्यानं ती होऊ दिली आणि संपल्यावर शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "काका, काय म्हणाले?" काकांनी त्यांच्या पलीकडच्या बाईंना विचारलं. बाईंनी चौकशीच्या खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीवर दहा-बारा माणसं हाच प्रश्न घेऊन उभी होती आणि आतला माणूस हातातला माइक खाली ठेवून एकेकाला तोंडी समजावत होता.

"परीक्षेत शेजाऱ्याला विचारता येत नाही," मी बजावलं.

"मग ऐकायचं कसं?" भाचा म्हणाला.

वाचनाचा भाग साठ मिनिटांचा. तीन लांबलचक उतारे आणि पुन्हा चाळीस प्रश्न. आता उतारे वाचणं हे काही आपल्याला नवीन नाही. पण त्यात एक प्रश्नप्रकार असा आहे की तो तयार करणारा माणूस कृष्णाकाठी कधी फिरकलेला नसणार. एक विधान देतात आणि विचारतात, ट्रू, फॉल्स का नॉट गिव्हन? म्हणजे उताऱ्याप्रमाणे हे खरं, खोटं, का उताऱ्यात दिलेलंच नाही?

हा तिसरा पर्याय आमच्या मुलखात अस्तित्वातच नाही. पोवई नाक्यावर उभं राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठलाही पत्ता विचारा. 'मला ठाऊक नाही' असं उत्तर मिळालं तर तो माणूस साताऱ्याचा नाही. आधी तो तुम्हालाच विचारेल, कुणाकडं जायचंय, कशाला, लग्नाचं काही आहे का. मग डोळे बारीक करून म्हणेल, "ग्रेड सेपरेटरमधनं खाली जावा." तेवढ्यात दुसरा गाडी थांबवून म्हणेल, "खालनं कशाला, वरनं जावा." तिसरा म्हणेल, "त्यांनी तिथनं बिऱ्हाड हलवलं." तिघांनाही तुमचा माणूस ठाऊक नसतो. पण पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

सरावाचा एक उतारा मधमाश्यांवर होता. त्याखाली विधान होतं, या शास्त्रज्ञाला लहानपणापासून मधमाश्यांची आवड होती. भाच्यानं बिनदिक्कत 'ट्रू' लिहिलं.

मी म्हटलं, "कुठं लिहिलंय असं?"

"आवड असल्याशिवाय एवढं कोण करतंय, मामा?"

बायको कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "फॉल्स लिही. लहानपणी चावली असणार. म्हणून तर जन्मभर मागं लागला."

मागं उत्तरं होती ती काढून बघितली. नॉट गिव्हन. दोघांनाही ते पटलं नाही. बायको म्हणाली, "दिलेलं नाही म्हणजे काय? माणसानं अंदाज करायचाच नाही का?" तिचं म्हणणं असं की ज्याला एवढाही अंदाज येत नाही, त्यानं परदेशात एकट्यानं राहू नये.

पुढं सरावाचा तळ सांगलीला हलला. ताईच्या सासूबाई, म्हणजे भाच्याची आज्जी, हे सगळं दिवाणावर बसून बघत होत्या. समोर नवीन बिऱ्हाड आलं होतं. आज्जींनी विचारलं, "त्या बाईचा नवरा काय करतो रे?" भाचा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "दिलेलं नाही, आज्जी."

"दिलेलं नसंल," आज्जी म्हणाल्या, "पण मला म्हाईत हाय. साखर कारखान्यात हाय आणि पगार तीन महिन्यांनी होतो."

लेखनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तास एक, निबंध दोन. पहिला किमान दीडशे शब्दांचा, दुसरा किमान अडीचशेचा. भाच्याला वाटलं, एवढंच? दहावी-बारावीला आपण शब्द मोजत नाही, पुरवण्या मोजतो. जास्त पुरवण्या म्हणजे जास्त अभ्यास, आणि दोरा गच्च बांधला की पेपर वजनदार होतो, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे. इथं पहिल्या निबंधात आलेख देतात आणि त्यात काय दिसतं तेवढंच लिहा म्हणतात. तुमचं मत नको. दुसऱ्यात मात्र दोन्ही बाजू मांडा आणि मग तुमचं मत सांगा म्हणतात. दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, ऊसदराच्या सगळ्या आंदोलनांचे घरबसल्या साक्षीदार. मी त्यांना म्हटलं, "पोराला दोन्ही बाजू मांडायचा सराव द्या." ते म्हणाले, "देतो की. बाजू दोनच असतात. एक आपली आणि एक चुकीची." आणि त्यांनी पाऊण तास दोन्ही बाजू मांडल्या. दुसऱ्या बाजूला त्यातलं दीड मिनिट मिळालं, तेही शिव्या इंग्रजीत माहीत नसल्यामुळं.

दाजींचा या परीक्षेवर मुळातच राग. एकदा ते कडाडले, "बाबासाहेबांनी दिली होती काय रे ही परीक्षा?" मी पत्रव्यवहार खात्याचा माणूस, तारखांना सोडत नाही. आमच्या सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावानं दाखल झालेला विद्यार्थी 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. बरोबर बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. बँडचा दाखला नव्हता, कारण तो मागायची कल्पनाच कुणाला सुचली नव्हती. टोफेल आली 1964 साली आणि ही आयईएलटीएस 1989 साली.

पण गंमत अशी, की नेमक्या त्याच 1913 साली केंब्रिजनं परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली मोठी परीक्षा काढली. बारा तास चालली. बसले तिघं. नापास झाले तिघंही.

"तिघंही?" दाजींचा चेहरा उजळला. "मग आपल्या पोराला काय बोलायचं कारण नाही. परंपराच आहे ती."

आता बोलण्याचा भाग. खरी गोष्ट इथं आहे. परीक्षक समोर बसतो आणि अकरा ते चौदा मिनिटं गप्पा मारतो. सांगलीच्या माणसाला गप्पांची भीती कसली? रात्री जेवण झाल्यावर 'येतो जरा' म्हणून बाहेर पडलेला माणूस कट्ट्यावरून बाराला परततो. पण मी परीक्षक होऊन बसलो आणि पहिलाच सोपा प्रश्न टाकला, तुला कुठला रंग आवडतो?

भाचा विचारात पडला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "आई, मला कुठला रंग आवडतो?"

"निळा," ताई आतून म्हणाली. "सगळे शर्ट निळेच आहेत की तुझे."

"ब्लू," भाचा मला म्हणाला.

मी विचारलं, फावल्या वेळात काय करतोस? "मोबाइल," ताई आतूनच म्हणाली. मी विचारलं, इंजिनियरिंग का निवडलंस? "मी सांगितलं म्हणून," पेपरामागून दाजी म्हणाले. बावीस वर्षांच्या आयुष्यात पोराला कुणी 'तुला काय आवडतं' असं विचारलंच नव्हतं. आणि आता एक अनोळखी माणूस हे विचारणार, त्यावर मार्क देणार आणि वर सतरा-अठरा हजार रुपये फी घेणार.

यावर क्लासनं उपाय शोधून ठेवलेला होता. क्लास कुठला ते सांगत नाही. सांगलीत तसे बरेच आहेत. तिथल्या सरांचा सिद्धांत असा, की गोष्ट खरी असायची गरज नाही, इंग्रजी खरं पाहिजे. त्यांनी मोजक्या गोष्टी लिहून दिल्या होत्या, त्या कुठल्याही विषयाला बसतात. तुम्ही केलेली मदत? पावसात एका म्हाताऱ्या गृहस्थांना रस्ता ओलांडून दिला. अविस्मरणीय दिवस? तोच. नवीन ओळख? तेच गृहस्थ. त्यामुळं या क्लासची चाळीस पोरं परीक्षेला बसली की चाळीस म्हातारे पावसात रस्ता ओलांडतात आणि प्रत्येकाच्या हातात औषधाची पिशवी असते. पाठ केलेलं ओळखायचं परीक्षकांना शिक्षणच दिलेलं असतं, हे मी सांगून बघितलं. भाचा म्हणाला, "सर म्हणतात, कॉन्फिडन्सनं सांगितलं की ओळखत नाहीत."

शिवाय अडलं की काय बोलायचं, तेही सरांनी शिकवलं होतं. उत्तर सुचेपर्यंत गप्प बसायचं नाही. 'वेल, दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन,' असं म्हणून वेळ काढायचा. हे त्याच्या तोंडात इतकं बसलं की ताईनं विचारलं, "दूध आणलंस का?" तर म्हणाला, "वेल, दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन."

"इंटरेस्टिंग काय त्यात?" ताई म्हणाली. "आणलंस का नाही, ते सांग."

त्याचा एक मित्र आयईएलटीएस सोडून पीटीईला गेला होता. तिथं माणूसच नसतो, संगणकाशी बोलायचं. तीन सेकंद गप्प राहिलात तर माइक बंद. मित्र गडी खास मिरजेचा. त्यानं वाक्यावाक्यांत 'म्हंजेऽऽ' ओढून माइक जागा ठेवला आणि शेजारी हेडफोन लावून बसलेली पोरगी मोठ्यानं कुठलासा आलेख वर्णन करत होती, तो ऐकून आपला म्हणून सांगितला. संगणकानं काय मानलं कुणास ठाऊक, पण तो आता मेलबर्नला आहे.

बोलण्याच्या परीक्षेत मधे एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायचा, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्यानं बोलायचं. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी कार्ड काढलं: तुम्ही हजर राहिलेल्या एका लग्नाचं वर्णन करा. कुणाचं होतं, कुठं होतं, काय घडलं, लक्षात का राहिलं. मोबाइलवर मिनिट लावलं. भाचा पेन्सिल घेऊन विचार करू लागला.

भरल्या घरात एक मिनिट शांतता फार असते. वीस सेकंदांवर ताईचा धीर सुटला. "अरे, कराडच्या लग्नाचं सांग की."

"कराडचं नको," दाजी म्हणाले. "तिथं जेवणाचा घोळ झाला होता."

"घोळ आपल्याकडच्या लोकांनी केला," आज्जींनी सुनेची बाजू घ्यायची ही पहिलीच वेळ असावी. "दीडशे सांगून तीनशे आले."

बायको म्हणाली, "जिलबी संपली ते ठीक, पण मला दिलेली साडी आधी कुणाला तरी देऊन परत आलेली होती. घडीवर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती." परीक्षक म्हणून मी तटस्थ राहायला हवं होतं हे खरं. पण त्या लग्नात मला पहिल्या पंगतीतून उठवून नवऱ्या मुलाच्या आतेभावाला बसवलं होतं, ही गोष्ट कुणी काढतच नव्हतं. तेव्हा मला तोंड उघडावं लागलं. तासाभरात कार्डावरचे चारही मुद्दे कसून झाले. कुणाचं, कुठं, काय घडलं आणि लक्षात का राहिलं, यातलं काही सुटलं नाही. शेवटी भाचा म्हणाला, "थँक यू," आणि पेन्सिल ठेवून झोपायला गेला.

आज्जींचं प्रकरण याच्या नंतरचं. क्लासच्या गोष्टींत एक गोष्ट 'मला प्रेरणा देणारी व्यक्ती' अशी होती. व्यक्ती म्हणजे आज्जी, आणि परिणाम व्हावा म्हणून सरांनी शेवटी आज्जीला मारलं होतं. भाचा गच्चीवर ही गोष्ट घोकत होता. त्याची धाकटी बहीण इंग्रजी माध्यमात आठवीला. ती धावत खाली आली.

"आज्जी, दादानं तुला मारलं!"

"कवा?"

"दुसऱ्या मिनिटाला."

आज्जींनी त्याला खाली बोलावलं. मरणाला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशानं गेले मी?"

"तापानं," भाचा म्हणाला.

"तापानं? एवढ्याशा तापानं?" आज्जी ताठ बसल्या. "मिरजेला नेलं हुतं का न्हाई?"

गोष्टीत मिरज नव्हती. सरांची गोष्ट कुठल्या गावची होती देव जाणे.

"म्हंजे मिरजेला न नेता मारलंस व्हय रे मला? लोक काय म्हणतील?"

सांगलीत माणूस मिरजेला न नेता जाऊ शकत नाही, हे खरंच आहे. तिथं शंभरावर वर्षं दवाखान्यांचीच वस्ती. तेव्हा गोष्ट बदलली. गाडी आली, आज्जी मागं आडव्या, दाजी पुढं, विश्रामबाग चौकात ट्रॅफिक, हे सगळं इंग्रजीत बसवलं. आज्जींनी स्वतः देखरेख केली. कुठली साडी नेसली होती, तेही घालायला लावलं.

परीक्षा पुण्याला. भाचा आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आमच्याकडं साताऱ्याला आला. रात्री मी त्याची कागदपत्रं तपासली, ते माझं खातंच. पासपोर्टाच्या तीन झेरॉक्स होत्या, तिन्ही साक्षांकित.

"ओरिजिनल कुठाय?"

"घरी. हरवायला नको म्हणून आज्जीनं ट्रंकेत ठेवलाय."

या परीक्षेला मूळ पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. पण आपल्याकडं मूळ कागद हा वापरायचा नसतो, जपायचा असतो. ताईला फोन केला. आज्जींनी ट्रंकेची किल्ली सापडवेपर्यंत दहा वाजले. दाजींनी पासपोर्ट सांगलीहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिला, आणि नुसता कसा पाठवायचा म्हणून भडंगाच्या पिशवीत घालून दिला. रात्री एक वाजता आम्ही मामा-भाचे हायवेला बॉम्बे रेस्टॉरंट चौकात प्रत्येक ट्रॅव्हल्सला हात करत उभे. चौथ्या गाडीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून पिशवी टाकली आणि म्हणाला, "भडंग भारी आहे हं." पिशवी अर्धी झाली होती. पासपोर्ट शाबूत होता. त्याच्या पानांना अजून लसणाचा वास येतो.

परीक्षा झाली आणि भाच्याचा फोन आला. परीक्षकानं सुरुवातीला विचारलं, तुझं गाव कसं आहे? सांगली. हळदीची पेठ, कृष्णेचा घाट, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ती नाट्यभूमी. सांगायला काय कमी आहे? पण सांगलीचा माणूस सांगलीची तयारी कशाला करेल? त्यानं क्लासमधलं 'माय होमटाउन' म्हणून दाखवलं, आणि त्यात समुद्रकिनारा होता.

"मग?"

"त्यांनी विचारलं, बीचवर किती वेळा जाता?"

"मग?"

"मी म्हटलं, आम्ही जात नाही. पावसाळ्यात पाणीच आमच्याकडं येतं."

हे उत्तर मात्र क्लासचं नव्हतं. परीक्षक म्हणे हसला. पुढं कार्ड आलं ते नेमकं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं. भाच्यानं आज्जीची नवी गोष्ट सुरू केली. साडी झाली, गाडी झाली, ट्रॅफिक झालं. पण दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. गाडी मिरजेच्या अलीकडं असतानाच त्यानं 'थँक यू' म्हटलं.

"म्हंजे मी वाचले," आज्जी म्हणाल्या. त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

निकाल लागला. ऐकणं साडेसात, वाचन साडेसहा, लेखन सहा, बोलणं सहा. सरासरी साडेसहा. सांगलीकरांना असल्या आकड्यांची धास्ती कळते. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर गेलं की धोका, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं, आणि 2019 साली ते 57 च्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. इथं फक्त उलटं होतं. खाली गेलं की धोका. बोलण्यात सहाला सहा, म्हणजे पाणी अगदी पायरीला लागून थांबलं.

आमच्या आळीत मी पेढे वाटले, कंदीच. शेजाऱ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "साडेसहा? कितीपैकी?"

"नऊपैकी."

त्यांनी मोबाइलवर हिशेब केला. "बहात्तर टक्के. डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं की हो. रिचेकिंगला टाका."

सांगलीत आज्जींनी दाखला हातात घेऊन उलटसुलट बघितला. भाच्यानं सांगितलं, हा दोनच वर्षं चालतो. आज्जींना ते पटेना. "दोन वर्षांनी इंग्रजी जातं व्हय? मी सातवीची फायनल पास झालेय. तिला कुणी मुदत घातली न्हवती." मग त्यांनी कार्डांचा गठ्ठा पुढं ओढला आणि मला म्हणाल्या, "माझी घ्या परीक्षा. मराठीत."

मी कार्ड काढलं, तुम्हाला अभिमान वाटतो अशी व्यक्ती. विचाराचं मिनिट त्यांनी घेतलं नाही. व्यक्ती त्या स्वतःच होत्या. दोन मिनिटांनी मी 'थँक यू' म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. चहा झाला, दिवेलागण झाली, पासष्ट सालच्या दुष्काळापर्यंत आम्ही आलो. अखेर मी कागदावर आकडा लिहून तो त्यांच्यापुढं धरला.

"नऊ?" आज्जी म्हणाल्या. "एक कुठं कापला?"